थोरलीचे कोंब

साहेबलोकांची एक भाजी असते, अस्परॅगस नावाची. जमिनीतून बोटाएवढे हिरवे कोंब वर येतात. ते कापायचे, उकडायचे, वर लोणी सोडायचं आणि काट्यानं खायचं. चवीला म्हणाल तर हिरवा वाटाणा आणि कोवळं गवत यांच्या मधलं काहीतरी. ही भाजी मी जेवढी खाल्ली तेवढी एखाद्या गव्हर्नराच्या मडमेनंही खाल्ली नसेल. तीही ऐन दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत, लसणाची फोडणी देऊन, भाकरीबरोबर. माझ्या खाण्यामुळे एका सरकारी प्रयोगाचे आकडे बिघडले. त्याचं मला तेव्हा वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

आमचे हे शेतकी खात्यात होते. वाईच्या वर, पाचगणीकडे जाणाऱ्या घाटाच्या अंगाला खात्याचं एक लहानसं शेत होतं, तिथे यांची नेमणूक होती. शेताच्या कडेला दोन खोल्यांचं कौलारू घर आम्हाला मिळालं होतं. मी सांगलीची, कृष्णेचं रुंद पात्र बघत वाढलेली. इथे तीच कृष्णा खाली दरीत ओढ्याएवढी दिसायची. माझी ही माहेरची नदी अशी लहान मुलीसारखी बघताना मला फार गंमत वाटायची.

शेतावर प्रयोग चालला होता तो या भाजीचा. पाचगणीच्या शाळा, तिथले साहेब आणि आता लढाईमुळे वाढलेले गोरे अधिकारी यांना ही भाजी लागायची, पण तिचं कोणतं वाण आपल्याकडच्या मातीत जास्त पिकतं ते कुणाला ठाऊक नव्हतं. लढाई पेटायच्या आधीच आगबोटीनं तीन वाणांचं बी आलं होतं: एक अमेरिकेचं, एक फ्रान्सचं, एक इंग्लंडचं. या झाडाचे लाडच फार. लावल्यावर दोन वर्षं त्याला नुसतं पोसायचं, कापायचं नाही. तिसऱ्या वर्षी कुठे ते कोंब देऊ लागतं. आमच्या शेतात ते तिसरं वर्ष होतं. रोज पहाटे कोंब कापायचे, प्रत्येक वाणाच्या जुड्या वेगळ्या बांधायच्या आणि तोलायच्या. हंगामाच्या शेवटी ज्याचं वजन जास्त ते वाण ठेवायचं, बाकीची दोन मुळासकट खणून टाकायची.

शेतावर खुरपणाऱ्या बायांना या विलायती नावांशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी त्या तिघींना थोरली, मधली आणि धाकटी अशी नावं देऊन टाकली होती. अमेरिकेची ती थोरली, कारण तिचे कोंब सर्वांत जाड आणि रसरशीत. यांनी खुंट्यांवर रंगानं इंग्रजी नावं लिहिली होती, पण खुंट्यांकडे बघून काम करणारे तिथे एकटे हेच होते.

मी एकदा विचारलं, एक वाण सगळं एकीकडे का लावत नाही, अशी तुकड्यातुकड्यांची सरमिसळ कशाला? हे खूश झाले. त्यांना विषय समजावून सांगायची आवड होती आणि ऐकणारं घरात दुसरं कुणी नव्हतं. ते म्हणाले, पंगतीत तूप वाढणारा रोज एकाच टोकापासून सुरुवात करील तर काय होईल? पहिल्या पानावर धार आणि शेवटच्या पानावर थेंब. मग शेवटचा माणूस बारीक राहिला तर तो प्रकृतीनं बारीक की तुपावाचून, हे कसं कळणार? जमिनीचंही तसंच, एका अंगाला कस जास्त, एका अंगाला कमी. म्हणून प्रत्येकीला सगळीकडे थोडंथोडं बसवायचं. मला ते तेव्हाच पटलं. हे हुशारच होते, फक्त पंगतीत कोण कुणाच्या पानातलं उचलतं याचा हिशेब त्यांच्या शास्त्रात नव्हता.

आता माझं सांगते. त्याच्या दोन वर्षं आधी माझं पहिलं बाळंतपण माहेरी सांगलीला झालं होतं. मुलगा झाला. मला दूध आलं नाही. आईनं काय केलं नाही? आळीव, डिंक, खसखस, खोबरं, वैद्याची चूर्णं, सगळं झालं. शेवटी शेळीचं दूध पाणी घालून बोळ्यानं पाजलं. ते त्याला सोसलं नाही. दुसऱ्या महिन्यात तो गेला. लोक म्हणाले, पहिलं होतं, देवाचं होतं. मी मनात म्हटलं, देवाचं कशानं? माझं होतं, आणि ते उपाशी गेलं.

म्हणून दुसऱ्या वेळी मी माहेरी जायला साफ नकार दिला. ते घर, ती खोली मला नको होती. संक्रांतीच्या सुमाराला या डोंगरावरच्या घरात मुलगी झाली. आई महिनाभर राहिली आणि वडील आजारी म्हणून सांगलीला परतली. ती असेपर्यंत दूध होतं बेताचं, पण होतं. ती गेली आणि ते आटत चाललं. मुलगी ओढायची, सोडायची आणि रडायची. पुढे पुढे तर नुसती तोंड उघडायची, आवाज नाही. तो उघडा, मुका जबडा मी आधी एकदा बघितला होता. वाईच्या डॉक्टरांनी डब्याच्या दुधाचं नाव सांगितलं, पण लढाईत ते डबे कुठे मिळायला? मला रात्रंदिवस एकच दिसायचं, की ही पण जाणार.

हे सगळं ओळखलं ते मुकादमिणीनं. शेतावरच्या बायांची ही म्होरकी. नवरा पलटणीत, आफ्रिकेत कुठेतरी लढत होता; ही दोन पोरं आणि सासू सांभाळून पहाटे बायांची टोळी घेऊन यायची. आवाज असा, की खालच्या वाडीतल्या माणसाला वरून हाक मारायची आणि तो ओ द्यायचा. एक दिवस पाणी मागायला म्हणून दारात आली, पोरीकडे बघितलं आणि सरळ आत येऊन बसली.

"वैनी, दूद हाय का न्हाई?"

मी नाही म्हणताना रडले.

"रडू नगा. रडल्यानं आजून आटतंय. कुनी शतावरी दिली का न्हाई तुमास्नी?"

मी म्हटलं, चूर्ण घेतलं होतं पहिल्या खेपेला, उपयोग झाला नाही.

"वाळल्यालं चूर्न! त्यात काय ऱ्हातंय? ताजी पायजे. मी बघती."

दुसऱ्या दिवशी तिनं ओच्यातून हिरवे कोंब काढून माझ्या पुढ्यात ठेवले आणि स्वतःच चुलीपाशी बसून परतले. मला वाटलं, डोंगरात रानशतावरी असते, तिचे कोंब पावसाळ्यात लोक खातात, तशी ही कुठे ओलाव्याला मिळाली असेल. खाल्ले. ती पुढ्यात बसून शेवटचा घास जाईपर्यंत उठली नाही. मग रोजचंच झालं. सकाळी कामाला लागायच्या आधी एकदा, दुपारच्या सुट्टीत एकदा. कोंब, भाकरी आणि मी बसून खाते की नाही याची जबरदस्त पाहणी. माझी आईसुद्धा इतकी दरडावत नव्हती.

आणि दूध आलं. कोंबांनी आलं, की वेळेवरच्या दोन गरम जेवणांनी, की कुणीतरी समोर बसून "खावा" म्हटल्यानं, ते मला माहीत नाही. मला एवढं माहीत आहे, की एका दुपारी पोर पिता पिता झोपली आणि तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून दूध ओघळलं. मी ते पुसलं नाही. बघत बसले.

इकडे हे रोज जेवताना कपाळाला आठ्या घालून बसत. अमेरिकेचं वाण खाली चाललं आहे म्हणत. पहिल्या आठवड्यांत सर्वांत पुढे होतं, आता फ्रान्सच्याही मागे पडलं. माती तपासली, पाणी तपासलं, कीड नाही. "वाण दिसायला दांडगं, पण दमाचं नाही," असा त्यांचा निकाल व्हायला लागला होता. त्यातही विहिरीकडच्या तुकड्यात सर्वांत जास्त घट आहे म्हणाले. विहिरीकडचा तुकडा म्हणजे आमच्या मागल्या दाराच्या समोरचा. मी हातातला घास खाली ठेवला. हे म्हणाले, भाजी आवडत नाही का? मी म्हटलं, आवडते की.

दुसऱ्या दिवशी मुकादमिणीला धरलंच. "हे कोंब कुठले?"

"थोरलीचं," ती म्हणाली, जणू मी कोण जाणे काय वेड्यासारखं विचारते आहे.

"अगं, ते प्रयोगाचे आहेत! ती शतावरी नव्हे, साहेबांची भाजी आहे."

"नाव सायबाचं आसंल. पानं बगा की, कोंब बगा. शतावरीच हाय. विलायतेस्नं आली म्हून काय तिचा गुन जातोय? आन् मुळी घ्यायची आसती खरं म्हंजी. पर मुळी काडली तर झाड मरंल, तुमच्या मालकाचं नुसकान हुईल, म्हून कोंबावर भागवलं बगा."

"मग थोरलीचेच का? थोडे मधलीचे, थोडे धाकटीचे घेतले असते तर निदान…"

"बाळातिनीला कुनी बारकं-सारकं घालतंय व्हय?"

सरकारी प्रयोगाला एवढा विचार करून नुकसान पोहोचवणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. चोरीचं आहे हे कळल्यावरही मी खाल्लं. चाटूनपुसून खाल्लं. एका पारड्यात खात्याचे आकडे होते आणि एका पारड्यात माझी मुलगी. यात विचार करायला मला क्षणही लागला नाही. ह्यांना मात्र सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर त्यांना थांबवावं लागलं असतं, आणि मला थांबायचं नव्हतं.

चैत्र लागला आणि पुण्याहून मोठे साहेब पाहणीला येणार असं पत्र आलं. त्यांच्यापुढे आकडे ठेवायचे आणि थोरली खणायची की काय ते ठरायचं. साहेब यायच्या आदल्या सकाळी हे उजाडायच्या आत शेतावर गेले, आणि मुकादमीण ओच्यात थोरलीचे कोंब घालून बांधावर चढताना सापडली.

हे दुपारी घरी आले ते लालबुंद होऊन. "घट कशी होते ते कळलं आज. चोर सापडला. विचारलं, कुणाला विकतेस? तर म्हणते, विकत न्हाई, मीच खाती! उद्या साहेबांच्या पुढे उभी करतो आणि कामावरून काढतो."

"ती खात नाही," मी म्हटलं. "मी खाते."

हे हात धुता धुता थांबले. मी सगळं सांगितलं, पहिल्या दिवसापासून. ऐकताना त्यांचा राग कुठे गेला ते मला दिसलं. त्या जागी भीती आली. खाली बसले. मग म्हणाले, "हे साहेबांना सांगायचं नाही. अधिकाऱ्याच्या घरीच प्रयोगाचा माल गेला असं झालं तर माझी नोकरी जाईल. ती बाई आपण होऊन बोलत नाही ना? मग राहू दे. तिला मी नंतर दुसरीकडे काम बघून देईन."

"तिचा नवरा लढाईवर आहे, चोर म्हणून नाव झालं तर तिला या डोंगरावर कोण उभं करील? आणि ती माझं नाव का घेत नाही ठाऊक आहे? बाळंतिणीच्या ताटातलं काढून घेऊ नये म्हणून. तुम्ही सांगणार नसाल तर मी सांगते."

"तू साहेबांपुढे येणार?"

"मी सांगलीच्या शाळेत मॅट्रिकपर्यंत शिकले आहे. साहेब माणूसच आहे ना?"

त्यांनी मला येऊ नकोस असं म्हटलं नाही.

साहेब आले ते सकाळी. उंच, उन्हानं भाजलेला, मितभाषी इंग्रज. तोलायच्या मांडवात मोठी तागडी टांगलेली, खाली त्या सकाळच्या जुड्या वाणावार रचलेल्या. मुकादमीण एका बाजूला डोक्यावरचा पदर घट्ट धरून उभी. मी पोरीला दुपट्यात गुंडाळून थेट मांडवात गेले. बाया कुजबुजल्या, कारकून उठून उभा राहिला.

"चोरी हिनं केली असेल, पण खाल्लं मी," मी मराठीत म्हटलं.

ह्यांनी साहेबांना इंग्रजीत सांगितलं, की माझी पत्नी या बाईसाठी रदबदली करायला आली आहे.

"तसं मी म्हटलेलं नाही," मी म्हटलं, आणि शाळेतलं इंग्रजी जुळवून साहेबांना सांगितलं, की सर, ती भाजी मी खाल्ली, रोज खाल्ली, दोन वेळा.

साहेबांनी ह्यांच्याकडे बघितलं. तेव्हा मात्र यांनी काही राखलं नाही. पहिला मुलगा कसा गेला इथपासून सगळं सांगितलं. नोकरीवर पाणी सोडल्यासारखेच उभे होते. मला त्या घटकेला त्यांचा जेवढा अभिमान वाटला तेवढा पुढे त्यांना बढती मिळाली तेव्हाही वाटला नाही.

साहेबांनी एकच विचारलं: एकूण किती खाल्लं? आकडे दुरुस्त करायचे तर तेवढं कळलं पाहिजे.

"घरात तोलून कोण खातं?" मी म्हटलं. "पण गेलं कुठे ते दाखवते." आणि दुपटं सोडून पोरगी पुढे धरली. "थोरलीच्या ओळीतून जे गेलं ते हे आहे. तोला."

मी तावातावानं बोलून गेले होते. साहेबांनी ते अगदी खरं मानलं. त्यांनी तागडीकडे बोट केलं. कारकून लगबगीनं लोखंडी वजनं उचलायला वाकला, आणि बाजूला उभी असलेली मुकादमीण कडाडली.

"आवं, लोकंडानं लेकरू तोलत्यात व्हय? नवसाला गुळानं तोलत्यात. ठिवा ती वजनं खाली!"

तिनं कुणाच्या परवानगीची वाट पाहिली नाही. कमरेला खोवलेली चुंबळ सोडून एका पारड्यात पसरली, माझ्या हातून पोर घेतली आणि वर निजवली. पारडं दाणकन खाली गेलं. दुसऱ्या पारड्यात तिनं थोरलीच्या जुड्या रचायला सुरुवात केली. एक, आणखी एक, आणखी. थोरलीच्या सगळ्या संपल्या. पारडं हललं नाही. तिनं मधलीच्या घेतल्या. बाया हसायला लागल्या, कुणीतरी "घाला, घाला" म्हणालं. मधलीच्या संपत आल्या तेव्हा कुठे पोरीचं पारडं हळूच उचललं, डुललं आणि बरोबरीला आलं. पोरगी वर छपराकडे बघून पाय झाडत होती.

साहेबांनी त्या जुड्यांकडे बघितलं, मग ह्यांना हुकूम दिला. थोरलीचे यंदाचे आकडे धरायचे नाहीत. वाण खणायचं नाही, पुढल्या वर्षी पुन्हा तोलायचं. बाईला कामावर ठेवायचं. आणि या मुलीच्या आईला लागतील तेवढे कोंब द्यायचे, पण आधी तोलून. हे शेवटचं त्यांनी मला कळावं म्हणून मुद्दाम सावकाश सांगितलं. मुकादमिणीला अर्थ सांगितला तर ती म्हणाली, "तोला की. आमी कुटं नगं म्हनलो?"

मी पोरीला उचलायला पुढे झाले. पण ह्यांनी आधीच तिच्या पाठीखाली हात घातले होते. ती जन्मल्यापासून त्यांनी तिला एकदाही घेतलं नव्हतं. पाळण्याशी उभे राहायचे, बघायचे आणि कामाला निघून जायचे. मी कधी विचारलं नाही, कारण पहिल्याला शेवटचं कुणी उचलून नेलं होतं ते मला ठाऊक होतं. साहेब, कारकून, बाया, सगळ्यांच्या देखत त्यांनी तिला छातीशी धरलं. नीट धरता येत नव्हतं. मान सावरायला गेले तर पाय निसटले, पाय सावरले तर दुपटं गळलं. मग तशीच धरून माझ्याकडे बघितलं.

"अगं," ते म्हणाले, "जड आहे ही."

"असणारच," मी म्हटलं.